दादाचा कंदील

ढाणकी, ता. उमरखेड

चि. बापू यास,


परवा फोनवर तू फार तावातावाने बोललास. पोरीला गणितात बी ग्रेड आली म्हणून तिचं पोहणं बंद केलंस, मैत्रिणीकडे राहायला जायचं नाही म्हणून बजावलंस. वर म्हणालास, "आत्या, इथले आईबाप पोरांना मोकाट सोडतात. बाबांनी मला बदडलं नसतं तर मी आज ढाणकीत कापूस वेचत असतो." रागातल्या माणसाला काही सांगू नये म्हणून मी गप्प बसले. पण दोन रात्री झोप लागली नाही.

तुला मार आठवतो. मला आठवते ती लोडशेडिंगची रात्र. कंदिलाची काच काजळलेली, तू ओसरीवर बीजगणित घेऊन बसलेला. माझा दादा, म्हणजे तुझा बाप, दिवसभर कपाशीवर फवारणी करून आलेला. दोनदा हात धुतले तरी औषधाचा वास जात नसे. चौथी शिकलेला माणूस, तुझ्या वहीतलं त्याला काही कळत नव्हतं. तरी तू पुस्तक मिटेपर्यंत भिंतीला टेकून जागा राहायचा, उजेड मंदावला की वात वर करायचा. मारलं असेल त्याने वर्षातून दोनदा. जागला मात्र रोज. तू शिकलास तो त्या जागण्याने, असं मी छातीठोक सांगते.

एमी चुआ बाईंच्या ज्या पुस्तकाचा तू त्याच फोनवर दाखला दिलास, ते 2011 साली आलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाच. चिनी वळणाची कडक आई, मुलींना पियानो आणि व्हायोलिनला जुंपलेलं, हे सगळं खरंच. पण धाकटीने तेराव्या वर्षी मॉस्कोतल्या एका कॅफेत भर लोकांत पेला फोडला, आणि आईला माघार घ्यावी लागली. तेही बाईंनी स्वतःच लिहिलंय. आपल्यातलं उदाहरण हवं तर जयंत नारळीकरांचं घे. बनारसच्या घरी त्यांचे मोरूमामा फळ्यावर एक अवघड गणित लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत ते पुसलं जात नसे. कोणी ओरडत नव्हतं, पण सुटकाही नव्हती! असा धाक मला मान्य आहे.

आता माझं सांगते, हे आजवर कोणाला सांगितलं नाही. मी मास्तरीण, म्हणून माझा पोरगा पहिलाच आला पाहिजे, असा माझा हट्ट. दोन मार्क कमी पडले म्हणून मी त्याला फूटपट्टीने मारलं आणि रात्री जेवू दिलं नाही. तो इंजिनिअर झाला, पगार चांगला आहे. गेल्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं, ते मला तीन आठवड्यांनी शेजारणीकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, "तुला सांगायची सवयच नाही गं." वाईट बातमी आईपासून लपवायची, हे त्याला मीच शिकवलं. तुझी पोरगी उद्या बी ग्रेडचा कागद लपवेल, आणि त्याहून मोठं काही झालं तर तेही.

इथेही तेच चाललंय बापू. दहावीचा निकाल लागला की बसस्टँडवर पत्र्याच्या पेट्या दिसतात. पोरं नांदेडला, लातूरला नीटच्या क्लासला निघतात. त्यातली बरीच हौसेने जातात, त्यांचं मला कौतुकच आहे. पण गेल्या जूनमध्ये एक पोरगा खिडकीशी बसून चिवड्याचा डबा नुसता घट्ट धरून होता, आणि बाप खालून एकच सांगत होता, "सहाशेच्या खाली येऊ नको." बस हलली तरी पोराने मान वर केली नाही.

तेव्हा पोहणं उद्यापासून सुरू कर. गणित सोडू नको, पण रात्री तिच्याशेजारी बस, आणि तुझा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. रविवारी फोन केलास की तो तिच्या हातात दे. मी मार्क विचारणार नाही. तिच्या आजोबांचं सांगेन. तो कंदील अजून आपल्या माळ्यावर आहे.

तुझी,
आत्या