नावाची जागा

आपल्या ठाणे जिल्ह्यात दिवाळी संपली की वीटभट्ट्या सुरू होतात. कल्याण-भिवंडीच्या आसपास मोकळ्या शेतांत कच्च्या विटांच्या रांगा दिसू लागतात. या विटा थापणारे मजूर बहुतेक आदिवासी, त्यांतही कातकरी अधिक. पावसाळ्यात घरात धान्य नसते, तेव्हा ते मालकाकडून उचल घेतात. उचल म्हणजे पेशगी. ती फेडण्यासाठी सारे घर भट्टीवर येते. मुलेही येतात आणि त्यांची शाळा गावातच राहते. भट्टीजवळच्या त्यांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने अशा मुलांसाठी भट्टीवरच शाळा चालवल्या, त्यांना भोंगाशाळा हे नाव पडले.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मी एकदा अशाच एका भट्टीवर छायाचित्रे काढायला गेलो. तिथे भोंगाशाळा नव्हती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी डोक्यावर विटा घेऊन चालली होती. मी तिचे छायाचित्र काढले. पुढे ते कृष्णधवल, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या रंगात, छापून घेतले. रंगीत चित्रात नजर विटांच्या तांबड्या रंगावर आणि तिच्या पिवळ्या फ्रॉकवर जात होती. रंग गेल्यावर तिचे डोळे दिसले.

मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा तिने विचारले, "दादा, या फोटोचं काय करणार?"

"शाळेत लावणार."

"मग?"

या 'मग'चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, तिचं नाव काय?" तेही मी विचारले नव्हते!

मुलांनो, उपाशी माणसासमोर कॅमेरा धरणे सोपे नसते. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. दुष्काळाला उर्दूत आपण कहत म्हणतो. लाखो माणसे मेली. सुनील जाना हा तरुण कॅमेरा घेऊन तेथे फिरला. त्याच्याबरोबर चित्तप्रसाद हे चित्रकार होते. जानांनी काढलेली छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात छापली गेली. त्याच पक्षाचे 'क़ौमी जंग' हे उर्दू पत्रही मुंबईहून निघे. कैफ़ी आज़मी त्यात काम करीत. हाडांचा सापळा झालेली मुले लोकांनी या छायाचित्रांत पाहिली, तेव्हा दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कळले. चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले. तेथे त्यांनी राबणाऱ्या मुलांची काळी-पांढरी ठसाचित्रे केली.

लुईस हाइन यांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण तेही शिक्षक होते. न्यूयॉर्कची शिक्षकाची नोकरी सोडून १९०८ पासून ते अमेरिकेतील कापडगिरण्या, काचकारखाने आणि कोळशाच्या खाणी हिंडले. मालक आत सोडत नसत. मग कधी ते बायबल विकणारे बनत, तर कधी पोस्टकार्डे विकणारे. मुलाचे डोके आपल्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत येते, हे पाहून ते त्याची उंची ठरवत. मुलाचे नाव, वय, काम कळेल तेवढे ते लिहून घेत. मालक म्हणे, "आमच्याकडे लहान मुले नाहीत." हाइन चित्र आणि टिपण दोन्ही पुढे ठेवत. बालमजुरीला आळा घालणारा कायदा तेथे १९३८ साली झाला. त्या मुलीच्या 'मग?'चे हे एक उत्तर होते, पण त्याला तीस वर्षे लागली.

पुढच्या दिवाळीनंतर मी छायाचित्राची एक प्रत घेऊन त्याच भट्टीवर गेलो. भट्टी होती, माणसे वेगळी होती. मुकादम म्हणाला, "ती मंडळी यंदा दुसरीकडे गेली." कुठे, ते त्याला ठाऊक नव्हते.

ती प्रत माझ्याकडेच आहे. तिच्यामागे मी जागा आणि तारीख लिहिली आहे. नावाची जागा मोकळी आहे.

स्वाध्याय
१. मजुरांची मुले शाळेपासून दूर का राहतात?
२. लुईस हाइन मुलांची उंची कशी ठरवत?
३. तुमच्या वस्तीत काम करणारे एखादे मूल असेल, तर त्याच्याशी बोला. त्याने हो म्हटले, तरच त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.