कासवाची पिल्लं काढायच्या आधी

भाचेबुवा, कासवांची जोडी पाळलीस, आता पिल्लं काढून विकायचं मनात आहे म्हणे. काढ, पण आधी मामाचं एवढं ऐक.

1. आधी जात ओळख – डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं, पुढचं सगळं त्याच्याबद्दलच. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव आपलं, ते घरात ठेवणंच वन्यजीव कायद्यानं गुन्हा.

2. पिल्लाच्या आकारावर भुलू नको – आज रुपयाएवढं असलं तरी मादी ताटलीएवढी होते आणि 30 वर्षंही जगते. हौस श्रावणापुरती, कासव जन्माचं.

3. नर-मादी वेगळ्या टाकीत ठेव – पुढची नखं लांब, शेपूट जाड तो नर. एकदा जोडा लागला की नर नसतानाही मादी पुढं कितीतरी महिने फळणारी अंडी घालते.

4. पिल्लं नको असली तरी मादीला ओलसर मातीचा कोपरा दे – नराशिवायही तिला अंडी होतात, जागा नसली की ती पोटात अडकून जिवावर बेततं.

5. नको ती अंडी घातल्या दिवशीच बर्फाच्या कप्प्यात ठेव – अंडं आवरणं सोपं, पिल्लू आवरणं अवघड.

6. आपल्या हिंगोलीच्या उन्हाळ्याचा हिशेब धर – अंड्यांची ऊब 31 अंशांवर गेली की बहुतेक माद्याच निघतात, आणि त्या प्रत्येकीची पुन्हा अंडी.

7. घेणाऱ्याला टाकी, फिल्टर, उन्हाची जागा सगळं आधी दाखव – ऊन आणि कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ पडतं. "नाही जमलं तर परत आण" हेही सांग.

8. लेकरांचे हात साबणानं धुवून घे – कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. म्हणूनच अमेरिकेनं 1975 साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी केली.

9. कयाधू नदीत, सिद्धेश्वर नाहीतर इसापूर धरणात कधीच सोडू नको – पाहुणं कासव आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतं. युरोपीय संघानं 1997 साली या लाल पट्ट्याच्या कासवाची आयात थांबवली ती याच धास्तीनं.

10. नदीतलं कासव कुणी विकायला आणलं तर वनखात्याच्या 1926 वर फोन कर – गिऱ्हाईक नसलं की पकडणाराही थांबतो.

बाकी विसरलास तरी चालेल, एवढं धरून ठेव: ज्या पिल्लाला 30 वर्षांचं घर दाखवता येत नाही, ते पिल्लू काढू नको.