पाठचिकित्सेचे मुद्रण आणि 'लेटेक' प्रणाली

संगणकावर प्रबंध लिहिणारा मराठीचा अभ्यासक सामान्यतः वर्ड प्रोसेसरचाच आश्रय घेतो. मजकूर टंकित होत असतानाच त्याचे छापील रूप पडद्यावर दिसू लागते आणि या सोयीमुळे लेखन व अक्षरजुळणी या दोन भिन्न कृती आहेत, याचा विसर पडतो. खिळ्यांच्या छपाईत त्या दोन व्यक्तींकडे असत. लेखक हस्तलिखितातील एखाद्या शब्दाखाली रेघ मारी तेव्हा छापील पानावर रेघ उमटावी, असा त्याचा हेतू नसे. 'हे ग्रंथनाम आहे' किंवा 'येथे भर आहे' एवढेच तो जुळाऱ्याला सांगत असे. त्यासाठी कोणता खिळा घ्यायचा, हे जुळारी ठरवी. 'लेटेक' ही मुक्त स्रोत प्रणाली याच श्रमविभागणीवर उभी आहे.

तिचा पाया असलेली 'टेक' ही प्रणाली डोनाल्ड क्नूथ यांनी रचली. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. त्यांतील अक्षरजुळणी त्यांना इतकी असमाधानकारक वाटली की त्यांनी स्वतःच हे काम अंगावर घेतले. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 'टेक'वर आधारित 'लेटेक' सिद्ध केली. (नावाचे अंत्याक्षर ग्रीक 'खी' असल्याने 'लेटेक्स' हा रबराच्या चिकाची आठवण करून देणारा उच्चार जाणकार टाळतात.)

'लेटेक'मध्ये अभ्यासक साध्या मजकुराची फाइल लिहितो. हे प्रकरणाचे शीर्षक, हे अवतरण, ही तळटीप अशा आज्ञा मजकुरातच उलट्या तिरप्या रेघेने आरंभून व महिरपी कंस वापरून दिल्या जातात. त्यांवरून पृष्ठरचना, प्रकरणांचे क्रमांक व अनुक्रमणिका प्रणाली तयार करते. परिच्छेद ओळींत तोडताना ती एकेका ओळीपुरते न पाहता संपूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार करते. वर्ड प्रोसेसरमध्येही 'स्टाइल'ची योजना आहे आणि ती कसोशीने वापरल्यास बरेचसे साधते, हे मान्य केले पाहिजे. मात्र तेथे अक्षरे हाताने ठळक करून शीर्षक 'दिसेल' असे करण्याची मुभा असते आणि बहुतेक प्रबंध त्याच मुभेवर लिहिले जातात.

हा भेद खऱ्या अर्थाने जाणवतो तो पाठचिकित्सेत. ओवीबद्ध ग्रंथात पाठभेद ओवीच्या क्रमांकाला जोडता येतो; तो क्रमांक पृष्ठरचनेवर अवलंबून नसतो. 'लीळाचरित्रा'सारख्या गद्य ग्रंथात एकेका लीळेचा विस्तार मोठा असू शकतो. तेथे नेमका शब्द दाखवायचा तर ओळीचा क्रमांक द्यावा लागतो आणि ओळ ही तर अक्षरजुळणीची निर्मिती. हे क्रमांक हाताने टंकित केले असतील, तर आरंभीच्या पृष्ठावर एक शब्द वाढताच पुढील कितीतरी पाठभेद चुकीच्या ओळीकडे बोट दाखवू लागतात. वाचकाला ही चूक सहज कळत नाही. आवृत्तीचे प्रामाण्य मात्र त्या क्षणी ढासळते.

याच अडचणीवर जॉन लॅव्हग्निनो आणि संस्कृतचे अभ्यासक डॉमिनिक वुजास्टिक यांनी 'टेक'साठी 'एडमॅक' हा आज्ञासंच केला. त्याच परंपरेतील 'रेलेडमॅक' हा संच आज 'लेटेक'सोबत वापरता येतो. संपादक मूळ शब्दाला खूण करून तेथेच त्याचा पाठभेद व पोथीचे संक्षेपचिन्ह नोंदवतो. ओळीचा क्रमांक प्रणाली मोजते आणि मजकूर हलला की पुन्हा मोजते. (त्यासाठी फाइल एकाहून अधिक वेळा चालवावी लागते.) पाठभेद एका स्तरात, अर्थटीपा दुसऱ्या स्तरात अशी पृष्ठतळाची विभागणीही करता येते.

देवनागरीचा मार्ग आरंभी इतका सरळ नव्हता. फ्रान्स व्हेल्थुइस यांच्या योजनेत मजकूर रोमन अक्षरांत लिहून त्याचे आधी रूपांतर करावे लागे. जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'ने २००४ पासून युनिकोड मजकूर थेट वाचण्याची सोय केली. येथे भाषा 'मराठी' अशी घोषित करणे केवळ औपचारिक नाही. ज्या फॉन्टमध्ये तशी तरतूद आहे, त्यात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्यामुळेच उमटतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मात्र प्रणाली जाणू शकत नाही. गुरुजन आणि स्वयंपाकी यांची गल्लत टाळायची, तर टंकित करतानाच योग्य 'र' निवडला पाहिजे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फाइलींत देवनागरी केवळ दर्शनी असते. फॉन्ट काढला की हाती निरर्थक चिन्हे उरतात. अशा फाइलींचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर व नंतर मुद्रितशोधन अटळ आहे.

अडचणी आहेतच. एक महिरपी कंस निसटला तरी काम अडते आणि दोषसूचना इंग्रजीत येते. मार्गदर्शकाला वर्ड प्रोसेसरमधील फाइलच हवी असेल, तर अभ्यासकाचे श्रम दुप्पट होतात. लहानशा लेखासाठी हा खटाटोप करण्याचे कारण नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात एखाद्या गद्य पोथीची संहिता द्यायची असेल, तर तिच्या दोन प्रतींतील पंचवीसेक ओळी घेऊन, त्यांतील पाठभेद नोंदवून आरंभ करावा. एक शब्द मुद्दाम वाढवून ओळींचे क्रमांक कसे सरकतात, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.