जेलीचा गार चहा : घरी करा, साखर मोजून घाला

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि कॉलेज रोडच्या कॅफेंमध्ये बबल टीची मागणी वाढते. तैवानमध्ये 1980 च्या दशकात रुजलेला हा गार दूधचहा मुलांना द्यावा का, असं पालक नेहमी विचारतात. माझा सल्ला असा : घरी करा, आठवड्यातून एखाद्या वेळी द्या, आणि गोड पदार्थ म्हणूनच द्या. तहानेला पाणी आणि ताकच हवं.

घरी करण्याचा मोठा फायदा म्हणजे साखर आपल्या हातात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चहाच्या चमच्यांच्या आत ठेवलेली उत्तम. मुलांसाठी त्याहून कमी. कंडेन्स्ड मिल्कचा जवळजवळ निम्मा भाग साखरच असते. दोन-तीन मोठे चमचे घातले की दिवसभराचा वाटा एका ग्लासात संपतो. म्हणून साधं दूध वापरा.

जेलीसाठी 5 ग्रॅम चायना ग्रास अर्धा लीटर पाण्यात भिजत घाला. मग मंद आचेवर ढवळत, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळा. ताटात ओता आणि घट्ट झाली की थापलेल्या वड्यांसारखी बारीक कापा. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरातही चालतं. दोन ग्लासांसाठी दीड कप पाण्यात दोन चमचे चहा उकळून गाळा, पूर्ण गार करा. त्यात कपभर तापवून गार केलेलं दूध आणि ग्लासामागे दोनच चमचे साखर घाला. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरीच लावलेला घ्या. दूषित पाण्याच्या बर्फातून टायफॉईड आणि कावीळ पसरते.

मधुमेह असेल तर बबल टीत घालतात ते साबुदाण्याचे मोती टाळा. ते कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, वर पाकात मुरवलेले असतात. त्याऐवजी भिजवलेला सब्जा आणि बिनसाखरेची जेली घ्या.

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून हा चहा जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर नको. दुपारी चार-पाचची वेळ बरी. संध्याकाळनंतर मुलांना देऊ नका, कॅफीननं झोप उडते.

लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपा. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते. चायना ग्रासची जेली मात्र साधारण 85 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे घशात अडकलेला तुकडा तसाच राहतो. जाड स्ट्रॉनं ओढलेला मोती तर थेट घशात जातो. कोंजॅक नावाच्या कंदापासून केलेल्या, छोट्या कपातल्या जेलीवर याच कारणानं युरोपीय संघानं बंदी घातली. पाच वर्षांखालच्या मुलांना मोती देऊच नका. जेली द्यायची तर तांदळाच्या दाण्याएवढी चिरून, बसवून, चमच्यानं भरवा.

ठसका लागलेलं मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहातानं पाच जोरदार थापा मारा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 ला फोन करायला सांगा.