ग्राफमधला पहिला नॅन शोधण्याची कृती

मॉडेलचं प्रशिक्षण सुरू होतं, अचूकता चढू लागते आणि दोन-तीन स्टेपनंतर लॉसच्या जागी एकाएकी ‘नॅन’ दिसतो. नॅन म्हणजे ‘नॉट अ नंबर’, जी संख्याच उरलेली नाही अशी किंमत. तिच्यासोबत बेरीज करा नाहीतर गुणाकार, उत्तर पुन्हा नॅनच येतं. म्हणून एका आकड्यात उपजलेला नॅन बघता बघता सगळ्या वेट्समध्ये पसरतो. तो दिसतो लॉसमध्ये, पण जन्मलेला असतो भलतीकडेच. अशा वेळी लॉसच्या ओळीशी झटापट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ही कृती आग जिथे लागली तिथे पोचण्यासाठी आहे.

टेन्सरफ्लो २ मध्ये ही अडचण वाढते, कारण ‘टीएफ.फंक्शन’ लावलेलं पायथन फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की त्याचं ट्रेसिंग होतं. त्यातल्या क्रिया, म्हणजे ऑप्स, नोंदवून त्यांचा ग्राफ तयार होतो आणि पुढे धावतो तो ग्राफ. आत लिहिलेला साधा ‘प्रिंट’ फक्त ट्रेसिंगच्या वेळी चालतो आणि तेव्हा टेन्सरमध्ये किंमत आलेलीच नसते. धावत्या ग्राफच्या आत डोकवायला टेन्सरबोर्डमध्ये ‘डीबगर व्ही२’ नावाची सोय आहे. तीच इथे वापरू.

साहित्य

- टेन्सरफ्लो २.३ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि तिच्याशी जुळणारा टेन्सरबोर्ड.
- डिस्कवर भरपूर मोकळी जागा आणि नोंदींसाठी एक नवा, रिकामा फोल्डर.
- नॅन देणारा प्रोग्राम. सरावासाठी टेन्सरफ्लोच्या पॅकेजमध्येच ‘डीबग_एमनिस्ट_व्ही२’ हा नमुना येतो. एमनिस्टमधले हस्तलिखित अंक ओळखणाऱ्या या प्रोग्राममध्ये अशीच चूक मुद्दाम ठेवलेली आहे.

फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची.

कृती

१. आधी चूक हुकमी घडवून आणा. ‘टीएफ.रँडम.सेट_सीड’ने यादृच्छिक आकड्यांचा सीड पक्का करा आणि स्टेप्स पाच-दहावर आणा. कधी येईल कधी नाही अशा चुकीचा माग काढता येत नाही. शिवाय डीबगर चालू असताना प्रोग्राम बराच मंदावतो, म्हणून लहान धाव सोयीची.

लक्षणही नीट पाहून ठेवा. एमनिस्टच्या चाचणी संचात १०,००० चित्रं आहेत आणि त्यांतली ९८० शून्याची आहेत. मॉडेलचे सगळे आउटपुट नॅन झाले की ‘आर्गमॅक्स’ पहिलाच वर्ग, म्हणजे शून्य, निवडत राहतो. म्हणून अचूकता ०.०९८ वर येऊन थिजली असेल, तर मॉडेल कमी शिकलं असं समजू नका. ते आतून मोडलं आहे.

२. ग्राफ तात्पुरता बाजूला ठेवून पाहा. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘टीएफ.कॉन्फिग.रन_फंक्शन्स_ईगरली’ला ‘ट्रू’ द्या. आता फंक्शनं ओळीमागून ओळ अशी साध्या पायथनसारखी चालतील. चूक तरीही येत असेल आणि मॉडेल लहान असेल, तर नेहमीचा ब्रेकपॉइंट लावून काम भागेल. चूक नाहीशी झाली किंवा वेग असह्य झाला, तर ही ओळ काढून पुढच्या पायरीवर या.

३. नोंदी सुरू करा. इम्पोर्टच्या लगेच खाली, मॉडेल बांधण्याच्या आधी, ‘टीएफ.डीबगिंग.एक्सपेरिमेंटल.एनेबल_डंप_डीबग_इन्फो’ला हाक द्या. ग्राफ तयार झाल्यावर हाक दिली तर त्याच्या नोंदी मिळणार नाहीत. तिला तीन गोष्टी सांगायच्या.

पहिली, नोंदींच्या फोल्डरचा पत्ता.

दुसरी, ‘टेन्सर_डीबग_मोड’. काहीच सांगितलं नाही तर ‘नो_टेन्सर’ लागू होतो आणि किमतींबद्दल काहीच नोंदवलं जात नाही. ‘कर्ट_हेल्थ’ फक्त नॅन किंवा अनंत आहे की नाही एवढं सांगतो. ‘फुल_हेल्थ’ प्रत्येक दशांश-संख्यांच्या टेन्सरमध्ये ऋण अनंत, धन अनंत, नॅन, ऋण, शून्य आणि धन किती, याची मोजदाद ठेवतो. आपल्याला हाच हवा. यातली शून्यांची मोजणी पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी, ‘सर्क्युलर_बफर_साइझ’. ही उणे १ ठेवा. न सांगितल्यास ती १००० असते, म्हणजे ताज्या हजार घटना राहतात आणि जुन्या पुसल्या जातात. आपण शोधतोय पहिला नॅन, आणि पुसला जाईल तो नेमका तोच.

४. प्रोग्राम चालवा आणि तो संपू द्या. मग टर्मिनलवर टेन्सरबोर्ड सुरू करून त्याच्या ‘लॉगडिर’ला तोच फोल्डर द्या. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६००६ हा पोर्ट उघडा आणि वरच्या पट्टीतून ‘डीबगर व्ही२’ निवडा. तो समोर दिसत नसेल तर ‘इनॅक्टिव्ह’ या यादीत पाहा.

५. डावीकडचा ‘अलर्ट्स’ हा कप्पा पाहा. नॅन आणि अनंत आलेल्या घटनांची संख्या तिथे दिसते. ती शेकड्यांत असली तरी घाबरू नका, कारण त्यांतल्या बहुतेक पहिल्या चुकीच्या लेकी-सुना असतात. यादीतला सगळ्यात पहिला अलर्ट तेवढा उघडा.

६. त्या अलर्टचा ऑप कोणता ते वाचा. आपल्या उदाहरणात तो ‘लॉग’ निघतो आणि त्याच्या आउटपुटमध्ये ऋण अनंत दिसतो. लक्षात घ्या, पहिली बिघडलेली किंमत नॅन नाही, अनंत आहे. फक्त नॅन शोधत बसलो असतो तर एक पायरी पुढेच थांबलो असतो.

७. आता एक पाऊल मागे जा. ‘ग्राफ स्ट्रक्चर’मध्ये त्या ऑपला येणारे इनपुट आणि त्यातून निघणारे आउटपुट मांडलेले असतात. लॉगच्या इनपुटवर, म्हणजे सॉफ्टमॅक्सने दिलेल्या संभाव्यतांवर, क्लिक करा. एका बॅचमध्ये १०० चित्रं आणि १० वर्ग असतील तर या टेन्सरमध्ये १००० आकडे असतात. त्यांत नॅन नाही, अनंतही नाही, पण काही आकडे शून्य आहेत. शून्याचा लॉग ऋण अनंत. चोर इथे सापडला.

८. ‘स्टॅक ट्रेस’मधल्या ओळीवर क्लिक करा. ‘सोर्स कोड’च्या कप्प्यात तो ऑप निर्माण करणारी तुमची पायथनमधली ओळ उजळून दिसेल. ग्राफपासून कोडपर्यंतचा हा दुवा म्हणजे या साधनाचा खरा आधार. त्याच्याविना ऑपचं नाव हाती येऊनही फाइलमध्ये शोधत बसावं लागतं.

९. दुरुस्तीआधी कारण कागदावर मांडा. सॉफ्टमॅक्समध्ये घातांक येतो. ३२ बिटांच्या दशांश-संख्येत ई चा उणे १०४ वा घात मावत नाही, त्याचं शून्य होतं. एखाद्या वर्गाचा लॉजिट सगळ्यात मोठ्या लॉजिटपेक्षा इतका मागे पडला की त्याची संभाव्यता शून्य. तिचा लॉग ऋण अनंत. लॉस काढताना या लॉगला लेबलने गुणतात. चुकीच्या वर्गांचं लेबल शून्य असतं, आणि शून्य गुणिले अनंत म्हणजे नॅन. तो बेरजेत गेला की लॉस नॅन, ग्रेडियंट नॅन आणि पुढच्याच स्टेपला वेट्सही नॅन.

१०. दुरुस्ती मुळाशी करा. संभाव्यता ‘क्लिप_बाय_व्हॅल्यू’ने ०.०००००१ आणि १ यांच्यात बांधली की लॉग सुमारे उणे १३.८ च्या खाली जात नाही आणि नॅन थांबतो. पण मर्यादेबाहेरच्या आकड्यांचा ग्रेडियंट तिथे शून्य होतो, आणि ज्या चित्रांवर मॉडेल सगळ्यात जास्त चुकतं त्यांच्याकडूनच ते काही शिकत नाही. त्यापेक्षा सॉफ्टमॅक्स आणि लॉग वेगवेगळे न लिहिता ‘सॉफ्टमॅक्स_क्रॉस_एंट्रॉपी_विथ_लॉजिट्स’ला थेट लॉजिट्स द्या. ते दोन्ही गणितं एकत्र, सुरक्षितपणे करतं आणि ग्रेडियंट ‘संभाव्यता वजा लेबल’ इतका सरळ येतो.

११. पडताळा घ्या. नोंदींचा नवा रिकामा फोल्डर देऊन, तोच सीड ठेवून पुन्हा चालवा. अलर्ट शून्यावर आले पाहिजेत आणि अचूकता पुढे सरकत राहिली पाहिजे. त्यानंतरच पायरी ३ ची ओळ काढा. ती विसरली तर प्रत्येक धाव रेंगाळेल आणि डिस्क भरत जाईल.

खबरदारी

- घाईत असाल तर ‘टीएफ.डीबगिंग.एनेबल_चेक_न्यूमरिक्स’ ही एक ओळ पुरते. पहिला नॅन किंवा अनंत येताच ती प्रोग्राम थांबवून ऑप आणि कोडची ओळ सांगते. इनपुटचा मागचा इतिहास पाहायचा असेल तर मात्र डीबगरच लागतो.
- प्रत्येक अनंत दोषी नसतो. अटेन्शनच्या मास्कमध्ये ऋण अनंत हेतुपुरस्सर ठेवतात. अलर्ट उघडला की आधी विचारा, ही किंमत मी घातली आहे का?
- ‘टीएफ.व्हेअर’ने शून्य टाळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्रेडियंट दोन्ही फांद्यांतून मागे जातो. न निवडलेल्या फांदीत शून्य गुणिले अनंत झालं की नॅन तिथूनही येतो. म्हणून लॉगच्या आत जाणारी किंमतच आधी सुरक्षित करा.

शेवटी कोडमध्ये त्या ओळीशेजारी एक टिप्पणी लिहा: इथे शून्य कुठून येत होतं आणि लॉजिट्स थेट का दिले. सहा महिन्यांनी कोणी तरी, कदाचित तुम्ही स्वतःच, सोपं करावं म्हणून सॉफ्टमॅक्स आणि लॉग पुन्हा वेगळे करायला जाईल. त्याचा हात ही टिप्पणी धरेल.