ठासलेल्या मातीची भिंत आणि तिची तपासणी

मातीचे घर बांधावयाचे म्हटले की, परवानगी देणारा अधिकारी प्रथम साशंक होतो. ही शंका निराधार नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या भिंती दगडांच्या दोन पडद्या मातीच्या गाऱ्यात रचून केलेल्या होत्या. दोन्ही पडद्यांस एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते. फळ्यांच्या साच्यात थराथराने ठासलेली भिंत एकसंध असते. परंतु हा फरक तोंडी सांगून भागत नाही. तो नमुना, माप व नोंद यांच्या साहाय्याने दाखवावा लागतो.

ही रीत प्रयोगावस्थेतील नव्हे. 1948 साली कर्नाल येथे निर्वासितांसाठी सिमेंटमिश्रित माती ठासून सुमारे 4,000 घरे बांधण्यात आली. अशा भिंतींसाठी भारतीय मानक 2110 (1980) असून, मातीच्या इमारतींच्या भूकंपविरोधासाठी भारतीय मानक 13827 (1993) आहे. अर्जात या दोन्हींचा उल्लेख अवश्य करावा.

मातीची निवड

काळी माती वर्ज्य समजावी. ती ओलीने फुगते व उन्हाने भेगाळते. वरचा सेंद्रिय थरही काढून टाकावा. तांबडी, वाळूमिश्रित किंवा मुरमाड माती योग्य होय. सरळ बाटलीत तिसरा हिस्सा माती घेऊन वर पाणी भरावे, चिमूटभर मीठ टाकून हलवावे व रात्रभर ठेवावे. तळाशी वाळू, मध्ये गाळ व वर चिकणमाती असे थर दिसतात. वाळूचा थर एकूण मातीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावा.

ओल व ठासणी

ओलसर मातीचा मुठीएवढा गोळा खांद्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बेताची आहे. गोळा तसाच चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी समजावे. 14 घमेली मातीस 1 घमेले सिमेंट या प्रमाणापासून नमुने करून पाहावेत. तासाभरात ठासून होईल तेवढेच मिश्रण एका वेळी कालवावे. सुट्या मातीचा 15 सेंटिमीटरचा थर धुम्मसाने सुमारे 10 सेंटिमीटरपर्यंत ठासावा. भिंत किमान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी.

मापे

जोते दगडी असावे व जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंच घ्यावे. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून व दोन आडव्या भिंतींमधील लांबी जाडीच्या दहापटीहून अधिक नसावी. उदाहरणार्थ, 40 सेंटिमीटर जाडीची, अडीच मीटर उंचीची भिंत 4 मीटरपर्यंत लांब घेता येते. दार-खिडकीची रुंदी 1.20 मीटरपर्यंत ठेवावी आणि बाहेरील कोपऱ्यापासून उघाडीचे अंतर तेवढेच तरी सोडावे. दारांच्या माथ्यावर व छपराखाली सर्व भिंतींवरून सलग पट्टा घ्यावा. एकसंध भिंतही पट्ट्याविना भूकंपात फाटते. छप्पर हलके असावे व पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात.

तपासणीची तयारी

गावठाणात बांधकामापूर्वी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958, कलम 52 अन्वये पंचायतीची परवानगी आवश्यक आहे. गावठाणाबाहेर बांधावयाचे असल्यास तालुक्याच्या ठिकाणी आधी चौकशी करावी. अर्जासोबत वा तपासणीच्या वेळी पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात:

1. भिंतींची मापे, पट्टे व छपराचे वजन दर्शविणारा, अभियंत्याने तपासलेला नकाशा.

2. त्याच मिश्रणाचे, 28 दिवसांचे ठोकळे कोरडे व भिजवलेले असे दोन्ही प्रकारे दाबून घेतलेल्या चाचणीचा दाखला. शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत याविषयी चौकशी करावी.

3. महिनाभर आधी उघड्यावर उभारलेली, गुडघाभर उंचीची नमुना-भिंत. तिच्यावर पाणी ओतून दाखवावे.

4. रोजची माती, सिमेंट, थर व ओलीची परीक्षा यांची नोंदवही.

पाया बुजविण्यापूर्वी, पट्टा घालण्यापूर्वी आणि गिलाव्यापूर्वी अशा तीन वेळा अधिकाऱ्यांस बोलवावे. झाकलेल्या कामाची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

ग्रामसेवकांनी प्रथम गोठा किंवा अवजारांची खोली अशा लहान कामापासून प्रारंभ करवावा. त्या भिंतीने एक पावसाळा पाहिला व तिची नोंद नीट राहिली, म्हणजे पुढील घराची परवानगी मागताना शेतकऱ्याजवळ दाखविण्यासारखे काही असेल. तपासणारा अधिकारी जे प्रश्न विचारतो, ते त्याच छपराखाली निजणाऱ्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेचे असतात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.