टोपी, स्टेटसन आणि आमचे आजोबा

मागच्या ट्रॅडिशनल डेला आपल्या होस्टेलचे सहा जण काऊबॉय हॅट घालून आले होते, आठवतंय ना? सरांनी विचारलं, ही कुठल्या गावची ट्रॅडिशन? तर एक जण म्हणतो, "सर, तालुका टेक्सास!" सगळे हसले, मीही हसले. पण नंतर डोक्यात किडा वळवळला की ही हॅट आली कुठून आणि इतकी वर्षं टिकली कशी. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

जॉन स्टेटसन हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, टोप्या बनवणाऱ्याचा मुलगा. तब्येत बिघडली म्हणून तो पश्चिमेकडे गेला. तिथलं ऊन, पाऊस, धूळ पाहिली आणि परत येऊन १८६५ साली फिलाडेल्फियात हॅटचा धंदा सुरू केला. त्याच्या हॅटचं नाव 'बॉस ऑफ द प्लेन्स'. रुंद काठ म्हणजे मानेवर सावली, उंच माथा म्हणजे डोक्यावर हवेची पोकळी, आपल्या भाषेत इन्सुलेशन. कापड विणलेलं नाही, तर फेल्ट. प्राण्यांची लव ओली-गरम करून दाबत गेलं की केस एकमेकांत अडकतात आणि घट्ट थर बनतो, त्यातून पाणी सहज झिरपत नाही. गंमत म्हणजे सिनेमात दिसतात तशा माथ्यावरच्या खळग्या मूळ हॅटला नव्हत्या. माथा साधा, गोल. त्या घड्या वापरणाऱ्यांनी आपापल्या आवडीने पाडल्या. शिवाय मेक्सिकोचा सोंब्रेरो आधीपासून होताच, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या स्टेटसनला देऊ नका.

गुरांचे मोठे तांडे हाकण्याचे दिवस एकोणिसाव्या शतकाबरोबर संपत आले, पण हॅट राहिली. १८८३ पासून बफेलो बिलचे खेळ गावोगाव फिरले, मग हॉलीवूड आलं, आणि आपल्याकडे फिरोज खानने ती घातली. गुरं न पाहिलेल्या माणसालाही ती डोक्यावर ठेवली की मोकळं वाटतं.

एवढं वाचल्यावर मला आमच्या घरातली टोपी आठवली.

आजोबा राजगुरुनगरकडचे, मुंबईत डबेवाले होते. मुलुंड-घाटकोपरचे डबे लोकलच्या लगेजच्या डब्यात चढवायचे. हा धंदा महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केला. डबेवाल्यांत पांढरी टोपी सक्तीची, नसली तर दंड. टोपीने डोक्यावरच्या लाकडी क्रेटचं वजन कमी होत नाही, पण ब्रिजवरच्या गर्दीत लांबून कळतं कोण येतंय, आणि लोक बाजूला होतात.

या टोपीचाही एक 'स्टेटसन' आहे, तो म्हणजे गांधीजी. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी त्यांचा विचार लिहून ठेवलाय. पगडीला कापड फार लागतं. काश्मिरी टोपी सुटसुटीत, घडी करून खिशात मावते. आणि रंग? काळ्या टोपीत घाम-मळ जिरतो, कळत नाही. पांढरीवर लगेच दिसतो, म्हणून धुवावीच लागते. अक्षरशः डिझाईन रिव्ह्यू! साहेबाला मात्र ती खुपली. काही ठिकाणी कोर्टकचेऱ्यांत तिला बंदी घातली गेली. खुद्द गांधीजींनी १९२१ मध्ये टोपी सोडली आणि पंचा नेसला. टोपी महाराष्ट्राच्या डोक्यावर राहिली. शेतकरी, वारकरी, पुढारी सगळ्यांच्या. पुढाऱ्यांनी ती इतकी मळवली की 'टोपी घालणे' ऐकून पहिल्यांदा तेच आठवतात. (मुंबईत जागेलाही 'पगडी' द्यावी लागते, तो वेगळा लेख होईल.) २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात कॉलेजच्या पोरांनीही ती घातली, वर अक्षरं छापून.

आता खरं ते सांगते. मी पाचवीत असताना आई-बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून पेरेंट्स मीटिंगला आजोबा आले. गेटजवळ मी हळूच म्हटलं, "आजोबा, टोपी काढा ना." का, ते त्यांनी विचारलं नाही. टोपी काढली, दोन बोटांनी दाबून घडी केली आणि खिशात ठेवली. मीटिंगभर ते बोडक्या डोक्याने शेवटच्या बाकावर बसले. कपाळावर टोपीची रेघ तेवढी दिसत होती. घडी करून खिशात मावते, हा त्या डिझाईनचा फायदा मी परवा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

रविवारी त्यांना विचारलं, "यंदा ट्रॅडिशनल डेला तुमची टोपी घालू?"

आजोबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "घाल की. पण आधी धुऊन घे. आन् नीळ बेताची टाक पोरी, मागं तुझ्या आजीनं पार आभाळ करून ठेवली व्हती."